जप्त केलेली प्रवाळं: वाचवली खरी, आता ठेवायची कुठे?

मीठपाणी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

घरी गेली ७ वर्षं माझा रीफ टँक आहे, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. शिवाय आठवड्यातून २ दिवस एका सार्वजनिक मत्स्यालयात स्वयंसेवक म्हणून जातो. काम काही शास्त्रज्ञाचं नाही. काचा घासायच्या, मीठ कालवायचं, विलगीकरणाच्या खोलीतल्या टाक्यांची मापं वहीत लिहायची.

गेल्या वर्षी एका रात्री तिथे जप्तीचा माल आला. कागदोपत्री शोभेचे मासे. वर माशांच्या पिशव्यांचा एक थर आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिशव्यांमध्ये प्रवाळं. ४० नग. बहुतेक ट्रॅकिफिलिया आणि सायनारिना, थोड्या युफिलिया, ॲक्रोपोराच्या चारपाच मोडक्या फांद्या. पिशवीत पाणी जेमतेम बुडण्यापुरतं, कारण पाण्याचं वजन होतं आणि वजनाला भाडं पडतं. प्रवाळाला त्रास झाला की ते बुळबुळीत स्राव सोडतं, तो त्याच ओंजळभर पाण्यात सडतो आणि मग त्या सडक्या पाण्यात प्रवाळही. पिशव्या फोडल्यावर जो वास सुटला त्याचं वर्णन करत नाही, कुणी जेवत असेल.

रात्रभर आम्ही चौघं तेच करत होतो. तापमान हळूहळू जुळवायचं, आयोडीनच्या पाण्यातून काढायचं, मेलेला भाग कापून टाकायचा, मंद उजेडात ठेवायचं. अंधारात प्रवास करून आलेल्या प्रवाळावर एकदम पूर्ण दिवे सोडले तर तेही त्याच्या जिवावर येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात ९ गेली. ३१ जगली.

जगली, पण ती मुद्देमाल होती. प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी. कापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. तारखा पडत होत्या, इकडे प्रवाळं वाढत होती. आता खटला संपलाय आणि मत्स्यालयाला खोली रिकामी हवी आहे. दोन संस्थांनी जागा नाही म्हणून कळवलं. तिसरा पर्याय म्हणजे त्यांना शांतपणे मारून सांगाडे शिकवण्यासाठी ठेवायचे. चौथा आमच्या हौशी मंडळाने सुचवलाय: तुकडे करून सभासदांना वाटा, आम्ही वाढवू.

त्यासाठीच्या अर्जावर माझी सही मागितली आहे. मी अजून केलेली नाही. बायको म्हणाली, "चोरीचे दागिने सापडले तर पोलीस गल्लीत वाटून टाकतात का?" तेव्हापासून अडकलोय. तुम्ही काय कराल?

काठावरचा

आधी एक प्रामाणिक शंका. प्रवाळ म्हणजे प्राणी, वनस्पती की दगड?

आगाऊ_कासव

तिन्ही. पुढचा प्रश्न?

रेवा_

कासवाचं उत्तर विनोदी आहे पण चुकीचं नाही. :)

प्रवाळ हा प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफुलांचा नातेवाईक. एकेक जीव म्हणजे पॉलिप: एक तोंड, भोवती शुंडकं, आणि तेच तोंड आत घ्यायला आणि बाहेर टाकायलाही. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. बहुतेक रंगही त्याचाच. आणि दगड म्हणजे पॉलिप स्वतःखाली रचत जातो तो कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंशाने जरी काही आठवडे तापलेलं राहिलं तर भाडेकरू शैवाल घराबाहेर जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. तेच ब्लीचिंग. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे, उपाशी.

मूळ प्रश्नावर नंतर लिहिते, सध्या कामात.

टोकदार

मला यात अडकण्यासारखं काही दिसत नाही. मारून टाका आणि सांगाडे ठेवा. कठोर वाटेल, पण ही प्रवाळं चोरली गेली ती तुमच्यासारख्या टँकवाल्यांसाठीच. तस्कर काय ती स्वतःच्या घरी ठेवणार होता? आता पकडला गेलाच आहे तर माल फिरून त्याच गिऱ्हाइकाच्या घरी, तोही फुकट! वर "आम्ही वाचवलं" हे समाधान. मीठपाणी, राग मानू नका, पण आधी घरची टाकी बंद करा आणि मग बचावकार्याच्या गोष्टी करा.

फ्रॅगवाला

आला, टँक बंद करा वाला आला. दर धाग्यात एक असतोच.

टोकदार, तुम्ही शेवटचा रीफ टँक कधी पाहिलात? माझ्या टाकीतल्या ॲक्रोपोरांपैकी एकही समुद्रातून आलेली नाही. मित्राकडून बोटाच्या पेराएवढा तुकडा आणायचा, सुपरग्लूने चकतीवर चिकटवायचा, दीड वर्षात मूठभर झाडोरा. मग त्याचे तुकडे आणखी पाच जणांना. यालाच फ्रॅगिंग म्हणतात आणि माझं सदस्यनामही. एकेक वाण वीस-वीस वर्षं फक्त टाक्यांमधूनच फिरतोय. घरी वाढलेलं मिळत असेल तर समुद्रातलं कोण मागेल? मीठपाणी, बिनधास्त सही करा. ३१ चे ३०० होतील.

शेवाळलेला दगड

+१ फ्रॅगवाला. वाचवायचं असेल तर वाढवा.

मृण्मयी

मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. पण "प्रवाळं मुद्देमाल होती" या वाक्यावर थांबले. जिवंत पुरावा! तारीख पडत्येय आणि पुरावा वाढतोय.

निरागस_बाळ

एक सुचवू का? सगळी नेऊन समुद्रात सोडून द्या ना. जिथली तिथे.

रेवा_

बाळा, सगळ्यांना आधी हेच सुचतं आणि सगळ्यात वाईट हेच होऊ शकतं. :)

जिथली तिथे म्हणजे कुठली कुठे? तस्कराच्या कागदावर देश लिहिला असेल तरी नेमकी भित्ती कुठली ते कोण सांगणार? त्या विलगीकरणाच्या खोलीत तीन समुद्रांचं पाणी एकत्र आलेलं असतं. प्रवाळाच्या बुडाशी किडे, चपटकृमी, शैवालाचे तुकडे, जिवाणू असतात. ते सगळं सोबत जाणार.

आणि हे नुसतं भय नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा नावाचं टाकीतलं शोभेचं शैवाल दिसलं, साधारण १ चौरस मीटर. पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत हजारो हेक्टरवर पसरलं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया हे हिंदी-प्रशांत महासागरातलं मऊ प्रवाळ शोभेच्या व्यापारातून उतरलं आणि तिथली मूळची प्रवाळं आणि समुद्री गवत झाकून टाकलं. फ्लोरिडाजवळ लायनफिश हा परका मासा असाच पसरला, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हणजे प्रवाळ बळी असतं तसं नको तिथे सुटलं तर दांडगाईही करतं.

पोटकलम

कायद्याची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

साइट्स (CITES) हा धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार १९७३ चा, अंमल १९७५ पासून. सगळी कठीण प्रवाळं १९९० पासून त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. परिशिष्ट २ म्हणजे बंदी नव्हे. निर्यात करणाऱ्या देशाने परवाना द्यायचा आणि त्याआधी "एवढी तोड झाली तरी जातीला धोका नाही" असं शास्त्रीय मत घ्यायचं. हे मत किती गांभीर्याने घेतलं जातं ते देशागणिक बदलतं. फिलिपिन्सने १९७७ पासून प्रवाळ तोडायलाच बंदी घातली आहे. इंडोनेशिया हा जिवंत प्रवाळांचा सगळ्यात मोठा निर्यातदार. त्यांनी २०१८ मध्ये निर्यात थांबवली, समुद्रात प्रवाळ पिकवणाऱ्यांचा माल अडकला, २०२० मध्ये पुन्हा सुरू केली. भारतात २००१ पासून कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, वाघाच्या पंगतीत.

परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे निसर्गातून घेतलेलं, सी आणि एफ म्हणजे माणसाच्या ताब्यात जन्मलेलं. लबाडी बहुधा इथेच होते. काल तोडलेली फांदी सिमेंटच्या चकतीवर चिकटवली की ती "वाढवलेली" दिसते. तपासनीसाने ओळखायचं कसं? काही वंशांच्या बाबतीत तर परवान्यावर जात लिहायची सक्तीही नाही, वंशाचं नाव पुरतं, कारण जाणकारांनाही जिवंत नगावरून जात सांगता येत नाही. आणि हो, एक अक्षर "आय" आहे. ते जप्त झालेल्यांसाठी. मीठपाणींच्या ३१ जणांचं आडनाव आता आय.

जप्त मालाबद्दल करारातच कलम ८ आहे. जिवंत नमुना सरकारी प्राधिकरणाकडे सोपवायचा. त्यांनी मूळ देशाशी बोलायचं, मग एकतर त्या देशाच्या खर्चाने परत पाठवायचा किंवा बचाव केंद्रात ठेवायचा. खर्च त्या देशाचा, त्यामुळे परत पाठवणी फारशी होत नाही. पुढच्या मार्गदर्शनात तीनच वाटा सांगितल्या आहेत: ताब्यात ठेवणे, निसर्गात सोडणे, मारणे. कुठलीही निवडली तरी बेकायदा व्यापाराला हातभार लागता कामा नये, ही अट. मंडळाचा अर्ज याच अटीवर अडेल असं माझं मत.

आगाऊ_कासव

"वाघाच्या पंगतीत" वाचून इथले दोघेतिघे टँकवाले एकदम ऑफलाइन गेले.

फ्रॅगवाला

मी बाहेरदेशी असतो. ऑनलाइन आहे.

काठावरचा

पोवळं पण यातच येतं का? तेही प्रवाळच ना?

पोटकलम

प्रवाळ खरं, पण कूळ वेगळं. दागिन्यातलं लाल पोवळं म्हणजे कोरॅलियम, भूमध्य समुद्रात अंधूक उजेडाच्या खोल कड्यांवर वाढतं, अगदी सावकाश. त्याला परिशिष्ट २ मध्ये घ्यायचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये आले, दोन्ही वेळा पडले. म्हणजे टाकीतल्या हिरव्या फांदीला परवाना लागतो आणि शेकडो वर्षं खरवडून काढलेल्या पोवळ्याला त्या परिशिष्टात जागा नाही.

रेवा_

आणि त्याच्यात शैवालही नसतं, म्हणून त्याला उजेड लागत नाही. असो, अवांतर होतंय.

फ्रॅगवाला, तुमचं ॲक्रोपोराबद्दलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फांदीचं प्रवाळ मोडलं की दोन होतात. समुद्रातही वादळात मोडलेल्या फांद्या रुजतात. पण जप्तीची यादी पुन्हा वाचा. ४० पैकी ॲक्रोपोरा चारपाच. बाकी? ट्रॅकिफिलिया, सायनारिना.

सायनारिना म्हणजे बहुधा एकच मोठा पॉलिप, मांसल, एकच तोंड. त्याचे तुकडे करणार कुठून? ट्रॅकिफिलिया वाळूवर सुटी पडलेली असते, भित्तीला चिकटलेली नसते. पाणबुड्याने वाकायचं आणि उचलायचं, छिन्नीही लागत नाही. दोनतीन तोंडं असतील तर करवतीने मधोमध कापतात काहीजण. जगली तर नशीब, आणि जगलीच तर पूर्ण भरून यायला वर्षं. टाक्यांमध्ये त्यांची प्रजा वाढवून बाजार भागेल अशी आजतरी स्थिती नाही.

म्हणजे जे टाकीत सहज वाढतं ते चोरायची गरज उरत नाही, आणि जे चोरलं जातं ते टाकीत वाढत नाही. "आम्ही फ्रॅग करतो म्हणून समुद्र सुटला" हे निम्म्या टाकीपुरतंच खरं आहे. वाळूवरच्या निम्म्या टाकीचं काय? तुमच्याकडे वाळूवर काय आहे, विचारू का?

फ्रॅगवाला

...

दोन ट्रॅकी आहेत. एक स्कोली.

टोकदार

😐

फ्रॅगवाला

कागदपत्रं होती हो दुकानदाराकडे. बघितली नाहीत ते खरं. ऑस्ट्रेलियातून कायदेशीर कोट्यातूनही येतात.

खडूस_काका

तुमचं भांडण ऐकून मला माझे जुने दिवस आठवले. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही गोनिओपोरा आणायचो. देखणी. फुलांचा गुच्छ हलतोय असं वाटायचं. सहा महिने फुलायची, मग एकेक पॉलिप मिटत जायचा, वर्षाच्या आत सांगाडा. का, ते कळायचं नाही. आम्ही आपसात तिला "फुलदाणीतलं फूल" म्हणायचो, सुकलं की दुसरं आणायचं. हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा हसत म्हणायचो.

आता लोक ती वर्षानुवर्षं ठेवतात. पाण्यातली सूक्ष्म द्रव्यं, बारीक खाद्य, सगळं कळत गेलं. पण हे ज्ञान ज्या नगांवर मिळवलं ते सगळे समुद्रातून आलेले होते. टोकदार म्हणतात ते मला पटत नाही, पण त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे तोंडही नाही.

तुतारी

काका, दंडवत. असं खरं बोलणारे कमी.

माझाही एक कबुलीजबाब. दुकानात कोपऱ्यात एक युफिलिया होती, निम्मं मांस गळालेलं. "बिचारीला वाचवूया" म्हणून घेऊन आले. तीन महिने रोज रात्री ड्रॉपरने भरवलं. जगली. फार अभिमान वाटला. पुढच्या खेपेला गेले तर त्याच कोपऱ्यात तशीच आजारी दुसरी. दुकानदार हसून म्हणाला, "तुम्ही याल म्हणून बाजूला ठेवली." त्या दिवशी कळलं की मी बचाव करत नव्हते, मी त्याच्या खराब मालाची हक्काची गिऱ्हाईक होते.

मृण्मयी

बाप रे.

शेवाळलेला दगड

सगळे एवढे गंभीर झालात म्हणून सांगतो, दगड घरी आणलेल्या कुणीही तो उकळू नका. माझ्या एका मित्राने झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातेवाईक) चिकटलेला दगड साफ करायला कढत पाण्यात टाकला. वाफ नाकात गेली. घरातल्या सगळ्यांना खोकला, ताप, थरथर. रात्र इस्पितळात. पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं त्यांच्यात काही जातींच्या, अत्यंत जहाल. हातमोजे, चष्मा, आणि उकळणे बंद.

आगाऊ_कासव

तस्करांच्या पिशवीत हेच घाला. एकाच खेपेत धंदा बंद.

दीपगृह

मोठं चित्र कुणी बघत नाहीये. जानेवारी २०२३ पासून जे चौथं जागतिक ब्लीचिंग झालं त्यात जगातल्या प्रवाळभित्तींच्या सुमारे ८४ टक्के क्षेत्राला ब्लीचिंगच्या पातळीचा ताप लागला. ८४ टक्के! आणि आपण ३१ नगांवर वाद घालतोय. टाक्यांचा व्यापार उद्या पूर्ण बंद केला तरी समुद्राचं तापमान एका कणानेही उतरणार नाही. उलट टाकीत प्रवाळ जगवायची विद्या हौशी लोकांनीच विकसित केली आणि तीच आता कामाला येतेय.

फ्लोरिडात २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचं मांस गळवणारा रोग दिसला. तो भित्तीवरून पसरत चालला तेव्हा २०१८ पासून रोग पोचायच्या आधीच निरोगी प्रवाळं काढून देशभरच्या मत्स्यालयांत नेऊन ठेवली. समुद्रापासून कितीतरी दूरच्या मत्स्यालयांतही. २०१९ मध्ये तिथल्याच एका मत्स्यालयात खांब प्रवाळाने प्रयोगशाळेत पहिल्यांदा अंडी सोडली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांच्या गटाने टाकीतच ऋतू, दिवसाची लांबी आणि चंद्राचा उजेड यांची नक्कल करून ॲक्रोपोराला अंडी घालायला लावली, २०१७ मध्ये त्यांचा लेख आला. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजचं पाणी तापलं तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांतून प्रवाळं घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत आणली. टाकीविद्या नसती तर?

टोकदार

टाकीविद्या आणि दिवाणखान्यातली टाकी यांची गल्लत करू नका. फ्लोरिडाच्या प्रत्येक प्रवाळाची नोंद आहे: कुठून काढलं, कधी, कुठल्या वंशावळीचं. ते परत समुद्रात जावं म्हणूनच काढलंय. आपल्या मंडळाच्या सभासदाच्या टाकीतून प्रवाळ परत कुठे जाणार? टाकी विकायला काढेल तेव्हा दुसऱ्या सभासदाकडे.

आणि "८४ टक्के तापलं म्हणून उरलेलं उचललं तर काय बिघडलं" हा युक्तिवाद माझ्या डोक्यात शिरत नाही. घराला आग लागली तर चोरी माफ होते का?

दीपगृह

मी "उचललं तर काय बिघडलं" असं म्हणालोच नाही. प्रतिसाद परत वाचा.

टोकदार

परत वाचला. शब्द तसे नाहीत, रोख तोच आहे. पण बरं, मागे घेतो.

रेवा_

दीपगृह, व्यापाराचा घाव छोटा असला तरी तो एकाच ठिकाणी बसतो. एका खाडीतल्या वाळूवरच्या ट्रॅकिफिलिया मोसमात वेचून नेल्या की तिथे पुढची पिढी घालणारं कुणी उरत नाही. प्रवाळं एकमेकांच्या जवळ असली तरच त्यांच्या अंड्याबीजांची गाठ पडते. बांगाई कार्डिनल माशाचं असंच झालं. इंडोनेशियातल्या एका द्वीपसमूहापुरता मासा, तोंडात पिल्लं सांभाळतो, दूर पोहून जात नाही. १९९० च्या दशकात व्यापाराच्या नजरेला पडला आणि २००७ पर्यंत धोक्यातल्या जातींच्या यादीत. गंमत म्हणजे तो टाकीत सहज प्रजनन करतो. तरीही समुद्रातला स्वस्त पडत होता म्हणून तोच पकडला जात राहिला. "घरी वाढलेलं मिळत असेल तर समुद्रातलं कोण मागेल" याचं उत्तर त्या माशाला विचारा.

फ्रॅगवाला

हा मासा पाळलाय मी. टाकीत जन्मलेला होता, ते नक्की माहीत आहे.

बरं, रेवाताई, मान्य. माझा मुद्दा सुधारून मांडतो. फांद्यांचे तुकडे वाटा, वाळूवरची वाटू नका. चालेल?

पोटकलम

तुकडे वाटले की त्यावरचं "आय" अक्षर पुसलं जातं हे ध्यानात घ्या. चौथ्या हाताला पोचल्यावर तो तुकडा जप्तीचा की घरचा, देवालाही सांगता येणार नाही. उद्या तस्कर हेच सांगेल, "हे त्या वाटपातले आहेत साहेब." वाटायचेच असतील तर नोंदवही, विक्रीला मनाई, आणि मेलं तर सांगाडा परत, एवढं हवं.

खडूस_काका

सांगाडा परत देणारा हौशी मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. आम्ही मेलेलं प्रवाळ रात्री गुपचूप टाकायचो, मित्रांना कळू नये म्हणून.

तुतारी

काका 😂 मी अजूनही.

निरागस_बाळ

धागा उघडला तेव्हा मला वाटलं होतं प्रवाळ म्हणजे शोपीस. आता झोप येत नाहीये. मीठपाणी काका, तुम्ही शेवटी काय केलंत?

काठावरचा

हो ना, धागाकर्ते गायब.

मीठपाणी

गायब नाही, सगळं वाचत होतो. एका बैठकीत लिहिता येईना म्हणून थांबलो. निरागस, काका नको रे.

रेवाताईंचा प्रतिसाद वाचला त्या रात्री माझ्या घरच्या टाकीसमोर बसलो आणि मोजलं. २६ प्रवाळं. त्यातल्या १९ कुणाकडून तुकडा आणला ते नावानिशी सांगू शकतो. ७ दुकानातून. त्या सातांपैकी ५ वाळूवरची. एकाचीही पावती नाही. त्या रात्री मत्स्यालयात पिशव्या फोडताना तस्कराला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या ते आठवलं.

मंडळाच्या अर्जावर सही केली नाही. तिथे दोन जण बोलत नाहीत आता. अध्यक्षांना म्हटलं अर्ज दोन करा. ट्रॅकिफिलिया आणि सायनारिना अखंड राहतील अशी जागा शोधायची, त्यांचं वाटप नाही. एक शैक्षणिक संस्था तयार झाली आहे, प्रदर्शनाच्या टाकीत ठेवणार. मी फक्त एवढं मागितलं की फलकावर जातीच्या नावाखाली "जप्त" हा शब्द असू द्या आणि पिशवीतल्या स्थितीचा फोटो लावा. त्यांनी फोटोला नाही म्हटलं, लहान मुलं येतात म्हणून. शब्दाला हो म्हटलं.

युफिलिया आणि ॲक्रोपोरा मत्स्यालयातच एका छोट्या टाकीत. त्यांचे तुकडे पाडायचे की नाही ते प्राधिकरण ठरवेल, पोटकलम यांनी सांगितलेल्या अटी मी अर्जात जशाच्या तशा घातल्यात. सांगाडा परत करण्याचीसुद्धा. काका, सत्काराची तयारी ठेवा.

घरची टाकी बंद करणार नाही, टोकदार. ती प्रवाळं आता जातील कुठे? पण वाळूवर नवीन काही येणार नाही.

टोकदार

ठीक. "राग मानू नका" असं म्हणून मी बरंच बोललो होतो. फलकावरच्या शब्दाबद्दल आभार.

फ्रॅगवाला

दुकानदाराला कागद मागितले. म्हणाला शोधून ठेवतो. दोन आठवडे शोधतोय.

मीठपाणी

एक राहिलं. हस्तांतराच्या वेळी अधिकारी मोजायला आले. कागदावर ३१, टाकीत ३४. सगळे घामाघूम. मग उलगडलं. दोन युफिलियांची डोकी मधलं मांस मेल्यामुळे सुटी झाली होती, हलवताना सांगाडा मोडला. आणि शैवाल खायला ठेवलेल्या सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या जिवाने ॲक्रोपोराची एक फांदी पाठीवर घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात नेली होती, तिथे ती रुजली.

आगाऊ_कासव

मुद्देमालात फेरफार! त्या अर्चिनवर कुठलं कलम लागतं, पोटकलम?

पोटकलम

अर्चिन साइट्समध्ये नाही. सुटला.

मृण्मयी

पण मग ते जास्तीचे ३ नग कुणाचे? जगलेले तर ३१ च होते.

मीठपाणी

अधिकाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला. त्यांनी वरती पत्र लिहून विचारलंय. तोवर तिघांना चिठ्ठ्या लावल्यात: १७-अ, २२-अ आणि ३८-अ.